गॅरी हस्टविट आणि दर खेळाला बदलणारा माहितीपट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी माहितीपटांचं संकलन करते. गॅरी हस्टविट यांचा 'ईनो' हा संगीतकार ब्रायन ईनो यांच्यावरचा माहितीपट पाहिल्यापासून त्यावर कुणाशीही बोलणं निघालं की फिरून फिरून तेच प्रश्न येतात. चित्रपट दरवेळी वेगळा कसा असेल? मग संकलकाने करायचं काय? आणि हे करणारा माणूस आहे तरी कोण? ते सगळे प्रश्न इथे एकत्र लिहून काढले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण त्यांत सांगण्यासारखं बरंच आहे.

गॅरी हस्टविट कोण आहेत?

अमेरिकन माहितीपटकार आणि निर्माते. बहुतेकांना ते 'हेल्वेटिका' (२००७) या एका टाइपफेसवरच्या, म्हणजे छापील अक्षरांच्या एका वळणावरच्या माहितीपटामुळे माहीत असतात. त्यानंतर 'ऑब्जेक्टिफाइड' (२००९), 'अर्बनाइज्ड' (२०११), 'रॅम्स' (२०१८) आणि 'ईनो' (२०२४) आले. डिझाइनवर चित्रपट करणारा माणूस अशी त्यांची ओळख झाली असली, तरी त्यांची सुरुवात संगीताच्या धंद्यात झाली, आणि 'ईनो'मध्ये ते पुन्हा संगीताकडेच आले आहेत. गाणं, छापील अक्षर, रेडिओ किंवा शहरातला रस्ता, आपल्यापर्यंत पोचलेली प्रत्येक गोष्ट कुणीतरी घडवलेली असते आणि ज्या यंत्राने ती घडते त्याचा ठसा तिच्यावर राहतो, हे त्यांच्या सगळ्या कामात दिसतं. मला त्यांचं काम आवडतं ते यासाठी.

संगीतातून चित्रपटात ते कसे आले?

वळणावळणाने. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ते कॅलिफोर्नियातल्या एसएसटी रेकॉर्ड्स या पंक संगीताच्या कंपनीसोबत काम करत होते. या कंपनीचं नाव ऐकण्यासारखं आहे. 'ब्लॅक फ्लॅग' या बँडचे ग्रेग गिन यांनी शाळकरी वयात हौशी रेडिओवाल्यांना उपकरणं विकायला 'सॉलिड स्टेट ट्रान्समीटर्स' नावाचा घरगुती धंदा काढला होता. पुढे त्यांच्या बँडची रेकॉर्ड कुणी काढीना, तेव्हा १९७८मध्ये त्याच नावाची आद्याक्षरं घेऊन ती काढायला त्यांनी स्वतःचीच कंपनी सुरू केली. दुसरा कुणी छापत नसेल तर आपण छापायचं, ही तिथली रीत.

हस्टविट यांनी ती पुरती उचलली. स्वतःची रेकॉर्ड स्वतः कशी काढावी यावर त्यांनी पुस्तक लिहिलं. १९९०च्या दशकात 'इनकम्युनिकाडो प्रेस' ही छोटी प्रकाशन संस्था चालवली. २०००मध्ये ते 'सलॉन' या संकेतस्थळावर उपाध्यक्ष होते आणि २००१मध्ये त्यांनी 'प्लेक्सिफिल्म' ही डीव्हीडी काढणारी कंपनी सुरू केली. रेकॉर्ड, पुस्तक, संकेतस्थळ, डीव्हीडी: प्रत्येक वेळी माध्यम बदललं, पण वस्तू तयार करून थेट माणसाच्या हातात पोचवायची हे काम तेच राहिलं. स्वतः दिग्दर्शन करायला लागले तेव्हा वितरणाचा सगळा व्यवहार त्यांच्या अंगवळणी पडलेला होता. आपल्याकडे उलट होतं. चित्रपट पूर्ण झाल्यावर तो दाखवायचा कुठे, याचा विचार सुरू होतो.

विल्को बँडवरच्या चित्रपटात तंत्रज्ञानाचा काय संबंध?

'आय ॲम ट्राइंग टू ब्रेक युअर हार्ट' (२००२) या माहितीपटाचे हस्टविट निर्मात्यांपैकी एक, तर दिग्दर्शक सॅम जोन्स. विल्को हा शिकागोचा बँड 'यांकी होटेल फॉक्सट्रॉट' हा अल्बम करत असताना हे कृष्णधवल चित्रीकरण झालं. अल्बम तयार झाल्यावर रिप्राइज या रेकॉर्ड कंपनीने तो काढायला नकार दिला. बँडने अल्बमचे हक्क घेऊन कंपनी सोडली आणि सप्टेंबर २००१मध्ये सगळा अल्बम आपल्या संकेतस्थळावर ऐकायला ठेवला. तेव्हा हे वेडेपण वाटण्यासारखं होतं. पण लोकांनी ऐकलं, मैफलींना गर्दी झाली आणि एप्रिल २००२मध्ये नॉनसच या कंपनीने तोच अल्बम बाजारात आणला. रिप्राइज आणि नॉनसच एकाच उद्योगसमूहातल्या, म्हणजे ज्या घराने अल्बम परत दिला त्याच घराने तो पुन्हा विकत घेतला. इंटरनेटमुळे रेकॉर्ड कंपन्यांच्या पायाखालची वाळू सरकायला लागली होती, आणि नेमक्या त्या वेळी कॅमेरा तिथे हजर होता.

'मूग' म्हणायचं की 'मोग'?

'मोग'. सिंथेसायझर हे इलेक्ट्रॉनिक वाद्य घडवणारे रॉबर्ट मोग स्वतः आपलं आडनाव तसंच उच्चारत.

मोग यांच्यावरचा चित्रपट कसा आहे?

हान्स फियेलस्टाड यांनी दिग्दर्शित केलेल्या त्या २००४च्या चित्रपटाच्या निर्मितीत हस्टविट होते. मोग तरुणपणी थेरेमिन बनवून विकत. या वाद्याला हात लावायचा नसतो, हवेत हात हलवून सूर काढायचे. १९६४मध्ये त्यांनी हर्ब डॉइच या संगीतकाराच्या साथीने आपला सिंथेसायझर घडवला. तो टेलिफोन एक्स्चेंजसारखा दिसे. सूर निर्माण करणारा कप्पा, तो गाळणारा कप्पा, त्याला चढउतार देणारा कप्पा, आणि हे सगळे वायरींनी एकमेकांना जोडायचे. वायर बदलली की आवाज बदलला. १९७०मध्ये आलेल्या मिनीमोगमध्ये या जोडण्या आतच पक्क्या केल्या होत्या, म्हणून तो उचलून मंचावर नेता येऊ लागला.

मोग २००५च्या ऑगस्टमध्ये गेले. चित्रपट त्याच्या आदल्याच वर्षी पूर्ण झाला होता. म्हातारा माणूस आपल्या यंत्रांबद्दल आपल्या शब्दांत बोलतोय, हे वेळेत टिपलं गेलं. आपल्याकडचा एक दुवाही सांगते. १९६९मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मोग सिंथेसायझर बसवून स्टुडिओ उभा केला होता. तिथे भारतीय मंडळींनी केलेलं इलेक्ट्रॉनिक संगीत कित्येक दशकं फितींवर पडून राहिलं.

संगीतवाला माणूस एकदम टाइपफेसकडे कसा वळला?

मला हे वळण फार मोठं वाटत नाही. 'हेल्वेटिका'ची सुरुवात आठवा. जुळाऱ्याचे हात शिशाचे खिळे एकेक उचलून ओळीत बसवतात, चौकट घट्ट आवळतात, शाई फिरते, कागद दाबला जातो आणि तो उचलल्यावर 'हेल्वेटिका' हा शब्द उमटलेला दिसतो. निवेदन नाही. ध्वनिमुद्रण कक्षात वाद्य जुळवताना पाहावं तसं ते दृश्य आहे.

पुढे मासिमो विन्येली हे ज्येष्ठ डिझाइनर याच चित्रपटात अक्षरांमधल्या मोकळ्या जागेबद्दल बोलतात, आणि सुरांमधल्या अंतरानेच संगीत होतं तसं हे आहे, असं समजावतात. ज्याने अवकाश सोडून केलेली आलापी ऐकली आहे त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

हा टाइपफेस १९५७मध्ये स्वित्झर्लंडमध्ये माक्स मीडिंगर आणि एडुआर्ड हॉफमान यांनी घडवला आणि १९६०मध्ये त्याला 'हेल्वेटिका' हे नाव मिळालं. त्याला पन्नास वर्षं झाली त्या साली चित्रपट आला. टाइपफेसवर दीड तास कोण बघेल, असं वाटणं साहजिक होतं, पण लोकांनी बघितला. तो पाहिल्यावर मी संगणकावरच्या मराठी अक्षरांकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. विंडोजवर आपण वर्षानुवर्षं वाचत आलो तो 'मंगल' फॉन्ट र. कृ. जोशींचा, म्हणजे एका मराठी कवीचा आणि सुलेखनकाराचा. हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

या चित्रपटाचं संगीतही कान देऊन ऐकावं. हस्टविट यांच्या डिझाइनवरच्या पहिल्या तिन्ही चित्रपटांत 'एल टेन इलेव्हन' या दोघांच्या बँडचं संगीत आहे. हे दोघे मंचावरच आपलं वादन पेडलवर मुद्रित करतात, ते फिरत ठेवतात आणि त्यावर पुढचे थर चढवतात. दोघे वाजवताहेत, पण ऐकताना पाचसहा जण असावेत असं वाटतं.

त्यांच्या चित्रपटात मुंबई आहे, हे खरं का?

हो, 'अर्बनाइज्ड'मध्ये. शहरं कशी घडतात यावरचा हा चित्रपट ब्राझिलिया, बोगोता, सांतियागो असा फिरतो आणि मुंबईच्या झोपडपट्ट्यांतही येतो. 'स्पार्क' या संस्थेच्या शीला पटेल त्यात बोलतात. नाटकी संगीत लावून गरिबी दाखवण्याचा मोह इथे टाळला आहे. शौचालयासारख्या रोजच्या गरजेला शहराच्या आराखड्यात जागा का मिळत नाही, हा प्रश्न सरळ विचारला आहे.

'रॅम्स'चा संगीताशी काय संबंध?

डीटर रॅम्स हे जर्मनीतल्या ब्राउन कंपनीचे डिझाइनर. १९५६मध्ये आलेला 'एसके ४' हा रेडिओ-ग्रामोफोन त्यांनी हान्स गुगेलोट यांच्यासोबत केला. त्यावर पारदर्शक प्लास्टिकचं झाकण होतं, त्यामुळे लोक त्याला हिमगौरीची शवपेटी म्हणू लागले. तोवर असं यंत्र लाकडी कपाटात लपवत. रॅम्स यांनी फिरणारी तबकडी उघड्यावर आणली.

दुसरा संबंध पुढच्या दृष्टीने महत्त्वाचा. 'रॅम्स'ला ब्रायन ईनो यांनी संगीत दिलं, आणि पुढचा चित्रपट त्या ओळखीतून निघाला.

ब्रायन ईनो कोण, हे थोडक्यात सांगाल?

१९४८मध्ये जन्मलेले इंग्रज संगीतकार आणि ध्वनिमुद्रिकांचे निर्माते. आधी रॉक्सी म्युझिक या बँडमध्ये होते. नंतर डेव्हिड बोवी, टॉकिंग हेड्स, यू-टू यांच्यासोबत काम केलं. विंडोज ९५ सुरू होताना वाजणारा आवाज त्यांचाच.

पण त्यांची खरी ओळख स्वतःहून घडत जाणाऱ्या संगीतामुळे आहे. १९७८च्या 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स'मध्ये त्यांनी चुंबकीय फितींची वेगवेगळ्या लांबीची वेटोळी केली. एका वेटोळ्यावरचा सूर साडेतेवीस सेकंदांनी परत यायचा, दुसऱ्यावरचा सव्विसाला जरा कमी असताना, तिसऱ्यावरचा तीस पुरे व्हायच्या किंचित आधी. ही चक्रं सहसा एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून सूर तेच असले तरी त्यांची गाठ दरवेळी वेगळ्या ठिकाणी पडते. ईनो यांनी फक्त वेटोळी कापली आणि पुढचं फितींवर सोडलं. १९९६मध्ये त्यांनी हीच कल्पना संगणकाच्या फ्लॉपीवर आणली. ती लावली की संगीत तिथल्या तिथे तयार व्हायचं.

मग 'ईनो' दर खेळाला बदलतो म्हणजे नेमकं काय होतं?

ईनो आपल्या आयुष्यावर चित्रपट करू द्यायला तयार नव्हते. एकाच माणसाने आपली एकच गोष्ट कायमची ठरवून टाकावी, हे त्यांना रुचत नव्हतं. हस्टविट यांनी वेगळा प्रस्ताव ठेवला: आयुष्यभर स्वतःहून घडणारं संगीत करणाऱ्या माणसावरचा चित्रपटही तसाच का असू नये?

ब्रिटिश डिजिटल कलावंत ब्रेंडन डॉज यांच्यासोबत त्यांनी 'ब्रेन वन' ही प्रणाली तयार केली. इंग्रजीतल्या 'ब्रायन ईनो' या नावाची अक्षरं उलटसुलट करून हे नाव केलं आहे. ईनो यांच्या तीसहून अधिक तासांच्या मुलाखती आणि सुमारे पाचशे तासांचं जुनं चित्रीकरण हा कच्चा माल. त्यातून दृश्यं संकलित करून ठेवलेली आहेत. खेळाच्या वेळी प्रणाली त्यांतली काही निवडते, क्रम लावते आणि त्यांना जोडणारे दुवे तयार करते. पडद्यावर मध्येच संगणकाच्या आज्ञांच्या ओळी सरकतात आणि पुढचं दृश्य ठरतंय हे आपल्याला दिसतं. सुरुवात आणि शेवट बांधलेले असतात, मधला भाग मोकळा. जानेवारी २०२४मध्ये सनडान्स महोत्सवात पहिला खेळ झाला. थेट सादरीकरणासाठी स्वीडनच्या 'टीनेज इंजिनीअरिंग' या कंपनीने वेगळं यंत्रही बनवलं आहे.

मराठीत यासाठी शब्द तयार आहेत. चित्रपटाचा खेळ असतो, नाटकाचा प्रयोग. शंभराव्या प्रयोगाला गेलेला माणूस पहिला प्रयोग पाहिलेल्याला विचारतो, "तुमच्या वेळी कसा झाला होता?" चित्रपटाबद्दल आपण असं कधी विचारत नाही. 'ईनो'बद्दल विचारावं लागतं. ख्यालासारखंच आहे हे. बंदिश तीच, समेवर यायचं तेही ठरलेलं, पण कालची बढत आज होत नाही.

५२ अब्ज अब्ज आवृत्त्या होतात म्हणे. खरंच?

हा आकडा चित्रपटाच्या बाजूनेच सांगितला जातो. ५२वर अठरा शून्यं. ऐकून गरगरायला होतं, पण गणित साधं आहे. फक्त २१ दृश्यं घेतली आणि त्यांचे शक्य तितके क्रम लावले, तरी ५१ अब्ज अब्जांच्या वर जातात. म्हणून मला त्या आकड्याचं अप्रूप नाही. पत्ते पिसणं सोपं असतं, पिसून आलेला प्रत्येक डाव रंगणं अवघड. कुठलं दृश्य कुठल्यानंतर चालेल, कुठे श्वास हवा, कुठली माहिती आधी कळायला हवी, हे सगळे नियम माणसांनी बसून लिहिले आहेत.

म्हणजे हा एआयने केलेला चित्रपट आहे का?

नाही. हस्टविट यांनी हे अनेकदा स्पष्ट केलं आहे. इंटरनेटवरचं इतरांचं काम ओढून त्यातून चित्रं घडवणारी ही प्रणाली नाही. तिच्यात फक्त या चित्रपटाचं स्वतःचं साहित्य आहे आणि त्यासाठी लिहिलेले नियम आहेत. पडद्यावरचा ईनो खराच ईनो आहे.

मग संकलकाचं काम काय उरलं?

हा माझ्या पोटापाण्याचा प्रश्न आहे, म्हणून विचार करून सांगते. काम वाढलं. साध्या माहितीपटात मी एक दृश्य एका ठिकाणी बसवते. आधीचं काय, नंतरचं काय हे मला माहीत असतं, त्या आधारावर अर्धं काम निभतं. इथे प्रत्येक दृश्य स्वतःच्या पायावर उभं राहायला हवं, कारण शेजारी कोण येईल याचा भरवसा नाही.

तोटाही आहे, आणि तो लपवू नये. उभारत नेलेला परिणाम इथे साधत नाही. तिसऱ्या मिनिटाला पेरलेली गोष्ट सत्तराव्या मिनिटाला फुटावी, हे आमच्या कामातलं मोठं सुख, ते इथे मिळेलच असं नाही. जानेवारी २०२५मध्ये चोवीस तासांचं ऑनलाइन प्रसारण झालं तेव्हा मी दोन आवृत्त्या पाहिल्या. पहिलीत ज्या प्रसंगाशी मी थबकले, तो दुसरीत नव्हताच. मला चुकल्यासारखं झालं. पण दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की तो प्रसंग मी मैत्रिणीला तोंडी, हातवारे करून सांगत होते. एरवी मी तिला लिंक पाठवून मोकळी झाले असते. मैफलीबद्दल असं बोललं जातं. चित्रपटाबद्दल मी असं बोलल्याचं मला आठवत नाही.

पैसे कुठून येतात?

बरेचसे प्रेक्षकांकडून. 'रॅम्स'साठी किकस्टार्टरवर लोकवर्गणी काढली. चित्रपट झाल्यावर शहरोशहरी खेळ लावायचे, पुढे डीव्हीडी, पोस्टर, डाउनलोड स्वतःच्या संकेतस्थळावरून विकायचे. 'ईनो'ची अडचण वेगळी आहे. ओटीटीचे मंच प्रत्येक चित्रपटाची एकच फाइल ठेवायला बांधलेले आहेत, दर प्रेक्षकाला वेगळी आवृत्ती देण्याची सोय तिथे नाही. हस्टविट आणि डॉज यांनी या तंत्रासाठी 'ॲनामॉर्फ' ही कंपनी काढली आहे. २०२०च्या मार्चमध्ये जग घरात बसलं तेव्हा मात्र हस्टविट यांनी आपले चित्रपट आठवड्याला एक याप्रमाणे सगळ्यांना फुकट दाखवले होते.

पुरस्कार?

'हेल्वेटिका'ला इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्काराचं नामांकन होतं. 'ईनो' ९७व्या ऑस्करसाठी पंधरा माहितीपटांच्या यादीत आला होता, अंतिम पाचांत नव्हता.

मराठीत माहितीपट करणाऱ्यांनी यातून काय घ्यावं?

प्रणाली नंतर. आधी कच्चं चित्रीकरण जपा आणि त्यावर नीट नोंदी करा. पाचशे तासांपैकी कुठे काय आहे हे लिहून ठेवलेलं नसतं, तर 'ब्रेन वन'ला उचलायला काही मिळालंच नसतं.

माझ्यापुरतं सांगते. काही वर्षांपूर्वी मिरजेत तंबोरे बनवणाऱ्या एका कारागिरावर आम्ही चित्रीकरण केलं. चाळीस तासांचा माल होता, माहितीपट झाला अठ्ठावीस मिनिटांचा. त्या मालात तो जवारी लावतो, म्हणजे तार गुंजावी म्हणून तिच्याखालची घोडी घासून जुळवतो, असा अकरा मिनिटांचा सलग शॉट आहे. घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची, मान वाकडी करून ऐकायचं, तारेखालचा दोरा केसभर सरकवायचा, पुन्हा कानस. शेवटी तार गुणगुणायला लागते आणि तो काही न बोलता हात पुसतो. मी त्याचे चाळीस सेकंद केले, कारण वेळ नव्हता. उरलेलं सगळं एका हार्ड डिस्कवर 'मिरज २' एवढ्याच नावाने पडून होतं.

गेल्या महिन्यापासून ती डिस्क उघडून मी रोज थोड्या थोड्या नोंदी करते आहे. त्या अकरा मिनिटांवर आतापर्यंत सात झाल्या: कानस, दोरा, मान, पहिली गुणगुण, बाहेरून जाणारी रिक्षा, खोकला, हात पुसणं.